शेवटच्या भागाविना देवदूत हरलेलेच राहतात

मा. संपादक,
सांगली आवृत्ती

विषय : भाषांतरित कथामालिकांचे अखेरचे भाग मराठीत न निघण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुले मराठी पुस्तके वाचत नाहीत, अशा आशयाची पत्रे आपल्या स्तंभात अधूनमधून येतात आणि मी ती मनापासून वाचते, कारण मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात गेली १९ वर्षे मी एक लहान सार्वजनिक वाचनालय सांभाळते आहे. त्या पत्रांत कधीच न आलेली एक गोष्ट सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे. आमच्या बालविभागातल्या मुलांनी एका परदेशी कथामालिकेचे चार जाडजूड भाग मराठीत वाचून संपवले, पुस्तकांच्या शिवणी सुटेपर्यंत वाचले, आणि पाचवा, म्हणजे अखेरचा भाग मराठीत निघालाच नाही. तो निघावा, आणि अशी वेळ दुसऱ्या कोणत्या मालिकेच्या वाचकांवर येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे. मालिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका प्रकाशकाला दोष लावावा असा माझा हेतू नाही, आणि ज्यांना ती पुढेमागे वाचायची आहे त्यांच्यासाठी शेवट माझ्याकडून उघड होऊ नये अशीही इच्छा आहे.

ही पुस्तके आमच्याकडे आली ती पुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे नदीकाठच्या गावांत काय झाले असेल याची कल्पना यावी. आमचे वाचनालय तळमजल्यावर आहे. पाणी उतरल्यावर कपाटांची दारे फुगून बसली होती, ती पहारीने उघडावी लागली, आणि आतल्या पुस्तकांचे लगदे झालेले होते. पुढच्या काही महिन्यांत महाराष्ट्रभरातून लोकांनी पुस्तके पाठवली, त्यातल्या एका खोक्यात या मालिकेचे चार भाग निघाले. दाखल नोंदवहीत त्यांचे क्रमांक सलग पडले आणि पहिल्याच आठवड्यात त्या पुस्तकांसाठी मुलांनी नंबर लावले.

कथा आजच्या काळातल्या एका महानगरात घडते. उंच इमारती, भुयारी रेल्वे, रात्रभर दिवे जळणारी रुग्णालये, आणि त्या गर्दीत माणसांच्या वेशात राहणारे सात देवदूत. एक रुग्णवाहिका चालवतो, एक गोदामावर रात्रीचा पहारेकरी आहे, एक शाळेत शिकवते. या प्रकाराला इंग्रजी वाचक अर्बन फँटसी म्हणतात. मी मुलांना शहरी अद्भुतकथा असे सांगते, कारण यातले अद्भुत सात समुद्रांपलीकडच्या राज्यात नसते, ते रोजच्या बसथांब्यावर येऊन उभे राहते. वाईट शक्तीही शिंगे आणि सुळे घेऊन येत नाही. ती माणसांना एकमेकांचा विसर पाडते, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा होतो, आणि शहर आतून रिकामे होत जाते.

चौथ्या भागाच्या शेवटी सातांपैकी तीन देवदूत मारले गेलेले आहेत. सगळ्यांत थोरला, ज्याच्यावर बाकीच्यांची भिस्त होती, तो स्वतःहून शत्रूला जाऊन मिळाला आहे. शहराची वीज गेली आहे आणि धाकटी देवदूत पुलावर एकटी उभी आहे. तिथे पुस्तक संपते.

महोदय, माझे सगळे म्हणणे या एका जागेपाशी आहे. अशा मालिकांची रचनाच अशी असते की उपान्त्य भागात काळोख सर्वांत दाट होतो, कारण अखेरच्या भागातला उजेड त्याच्या जोरावर उभा राहायचा असतो. इंग्रजी वाचणारे मूल तो काळोख ओलांडून पलीकडे जाते. मराठी वाचणाऱ्या मुलासाठी मात्र थोरला देवदूत कायमचा फितूर राहतो, धाकटी कायमची पुलावर उभी राहते आणि शहर कायमचे अंधारात राहते. मालिका सुरूच केली नसती तर एक वेळ चालले असते. चार भाग देऊन पाचवा न देणे म्हणजे मराठीपुरता वाईटाचा विजय छापून ठेवणे आहे, आणि असे करण्याचा कुणाचाही हेतू नसला तरी वाचणाऱ्या मुलाच्या पदरात पडते ते हेच.

मी प्रकाशकांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते : तिसऱ्या भागापासून विक्री घटली, चौथ्या भागाच्या प्रती पडून आहेत, परकीय हक्कांचे पैसे, भाषांतरकाराचे मानधन आणि कागदाचा भाव पाहता पाचवा भाग परवडत नाही. यातले काहीच खोटे नसावे. मालिकेच्या प्रत्येक पुढच्या भागाला वाचक कमी होत जातात, कारण पहिला भाग न वाचता कुणी चौथा विकत घेत नाही. पण म्हणूनच मालिका हाती घेताना हा हिशेब आधी मांडायला हवा, आणि पहिल्या भागाच्या वाचकाला आपण कुठवर नेणार आहोत हे त्याला सांगायला हवे. या चारही पुस्तकांवर ‘पुढील भाग लवकरच’ असे छापलेले आहे. चौथ्यावरसुद्धा.

आपल्याकडे सुरू केलेली गोष्ट अर्ध्यावर सोडत नाहीत. पोथी लावली की समाप्ती होते, सप्ताह बसला की काल्याचे कीर्तन होते, आणि काला झाल्याशिवाय सप्ताह झाला असे गावात कुणी म्हणत नाही. माझे माहेर कराड तालुक्यातल्या खंडोबाच्या पालजवळचे. पौषात तिथे खंडोबा आणि म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते हे आपल्या सातारकर वाचकांना ठाऊक आहेच. लहानपणी घरोघरची जागरणे मी पाहिली आहेत. वाघ्या-मुरळी रात्रभर मणी-मल्लाची कथा लावत, आम्ही मुले मध्येच आईच्या मांडीवर झोपून जात असू, पण पहाटे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडायच्या वेळी घरातले कुणीतरी आम्हाला हटकून उठवत असे. बाकीची रात्र झोपून काढली तरी चालेल, शेवट चुकता कामा नये, ही समज त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना होती.

देव आणि दैत्यांच्या लढाईची कथा सांगलीला तर अगदी घरची आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर सीता स्वयंवराचा खेळ केला आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या काळच्या नाटक मंडळींत देवपार्टी आणि राक्षसपार्टी अशी नटांची सरळ विभागणी असे, आणि राक्षस रंगमंचावर येताना मशालींवर राळ उडवून, आरडाओरडा करत येत. ‘अललडुर्र’ हे त्या नाटकांचे नाव राक्षसांच्या त्या आरोळीवरूनच पडले. ती नाटके पुढच्या पिढीला बाळबोध वाटली. तरी ज्या गावात राक्षसपार्टीने १८४३ मध्ये धुडगूस घातला, त्या गावच्या परिसरातल्या मुलांना देवपार्टीचा विजय मराठीत वाचता येऊ नये, याचे मला दुःख होते.

देवदूत मराठीला परके आहेत, असे एका परिचितांनी मला सांगितले. ते मला पटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीबरोबर देवदूतांच्या पतनाची कथाही मराठीत सांगितलेली आहे. आमच्या मिरजेत नाताळात पुठ्ठ्याचे पंख लावून उभी राहणारी मुले आहेत, आणि जिब्रील फरिश्त्याने पैगंबरांना संदेश आणून दिल्याची कथा सांगणारी घरे तर आमच्या वाचनालयाच्याच गल्लीत आहेत. शब्दाचेच पाहायचे, तर हिब्रू ‘मलाख’ आणि ग्रीक ‘अँगेलॉस’ या दोन्हींचा मूळ अर्थ निरोप्या, दूत असा आहे. म्हणजे ‘देवदूत’ हा आपला शब्द त्या अर्थाला इंग्रजी शब्दापेक्षाही जवळचा आहे, कारण त्यातला दूत अजून ऐकू येतो. पुरात बोटी घेऊन आलेल्या जवानांना वर्तमानपत्रांनी देवदूत म्हटले, बायकांनी त्यांना राख्या बांधल्या, आणि त्या बोटींतून बाहेर पडलेली मुलेच पुढे या मालिकेची वाचक झाली. त्यांना हा शब्द कुणी समजावून द्यावा लागला नाही.

पुढे काय झाले तेही सांगते, कारण त्यावरून अखेरच्या भागाचे मोल कळेल. या मालिकेच्या पहिल्या वाचकांपैकी एक मुलगा आता सांगलीत अभियांत्रिकीला आहे. त्याने पाचवा भाग इंग्रजीत मिळवून मला आणून दिला. माझे इंग्रजी बेताचे आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी दोन महिने तो वाचला आणि वाचता वाचता वह्यांत मराठीत उतरवत गेले. मग मे महिन्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी सात वाजता, वाचनालयाच्या ओसरीवर, अकरा दिवस मुलांना तो सांगितला. पहिल्या दिवशी १४ मुले होती. शेवटच्या दिवशी किती होती ते मोजायचे राहिले, पण पायऱ्यांवर जागा नव्हती, आणि आता महाविद्यालयात जाणारी जुनी वाचक मुले मागे भिंतीला टेकून उभी होती.

सांगताना पहिली अडचण शब्दांची आली. इंग्रजी पुस्तकात वाईट शक्तीला एकच शब्द वापरला आहे आणि मराठीत राक्षस, असुर, दैत्य, पिशाच, वेताळ, सैतान असे कितीतरी. राक्षस म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर मिशा आणि गदा येते, पिशाच म्हटले की चिंचेचे झाड. पहिल्या चार भागांच्या भाषांतरकाराने असुर हा शब्द घेतला होता, म्हणून मीही तोच ठेवला. धाकटीसाठी मात्र त्यांनी ‘देवदूत’ हाच पुल्लिंगी शब्द चालवलेला होता, आणि वाक्यात ती आली की मी अडखळत असे. तिसऱ्या संध्याकाळी मुलांनीच ‘दूती’ म्हणायला सुरुवात केली. जुन्या काव्यात दूती प्रेमाचा निरोप नेते, हे त्यांना माहीत नव्हते, आणि कथेत पुढे काय येणार आहे हेही माहीत नव्हते. या अनुभवावरून मला असेही वाटते की अखेरचा भाग निघाला तर तो त्याच भाषांतरकाराकडून व्हावा, कारण चार भागांत शब्दांचे एक घर बांधून झालेले असते.

शेवट मी इथे पूर्ण सांगत नाही, पण ज्यासाठी तो वाचला गेला पाहिजे तेवढे सांगते. अखेरची लढाई पुलावर होते आणि ती तलवारीने जिंकली जात नाही. असुराचे सगळे बळ विसर पाडण्यात असल्यामुळे, धाकटी रात्रभर त्या अंधाऱ्या शहरात दारोदार फिरते आणि प्रत्येक घरात त्या घरातून हरवलेल्या माणसाचे नाव सांगते. निरोप पोचवणे हे तिचे मूळ काम होते, आणि लढाईच्या धामधुमीत चार भाग सगळेच देवदूत ते विसरले होते. प्रत्येक नावागणिक तिच्या पंखांतले एक पीस गळते. पहाटे ती पुलावर परत येते तेव्हा पंख उरलेले नसतात, पण तिच्या मागून माणसे कंदील घेऊन आलेली असतात. ते पान वाचताना माझा आवाज बसला होता. मुलांपैकी कुणी हलले नाही. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरातले माणूस बोटीत बसले की नाही हे दोन दिवस कळले नव्हते, अशी तीन मुले तरी त्यांच्यात होती.

आणि थोरला? तो मारला जात नाही. तो धाकटीपुढे येतो, शस्त्र खाली ठेवतो आणि मला या पुलाच्या पायथ्याशी राहू दे, एवढेच मागतो. माझ्या एका वाचक मुलीने तिथल्या तिथे म्हटले, “काकू, ह्यो तर मणी झाला की.” मल्हारीच्या कथेत मणी शरण येतो, देवापाशी वर मागतो, आणि जेजुरीला गड चढताना पायरीशी त्याची पूजा होते. हरलेल्याचे काय करायचे, या प्रश्नाला आपल्या कुलदैवताच्या कथेने दिलेले उत्तर आणि दूरदेशीच्या या कादंबरीने दिलेले उत्तर त्या मुलीने एका वाक्यात शेजारी शेजारी ठेवले. चौथ्या भागावर थांबलेल्या वाचकाला थोरला फितूर एवढेच माहीत असते, आणि त्या मुलीलाही गेली दोन वर्षे तेवढेच माहीत होते.

आता उपायाचे बोलते. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची किंवा त्याहून लहान असते. दर अकरा ग्रंथालयांतल्या एकाने जरी अशा अखेरच्या भागाची प्रत आगाऊ नोंदवली, तरी आवृत्ती छापण्याआधीच संपते. प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत मराठीत कोश आणि चरित्रखंडांसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती मुलांच्या कथामालिकांच्या अखेरच्या भागांसाठी का वापरू नये, हे मला कळत नाही. दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो, तिथे प्रकाशक आणि ग्रंथपाल एका मांडवात असतात, नोंदणी तिथेच होऊ शकते. आमच्यासारख्या लहान वाचनालयांची ग्रंथखरेदी अनुदानाच्या हप्त्यावर आणि शासनमान्य यादीवर चालते. त्या यादीत मालिकेचे सुटे भाग न घेता पूर्ण संच घेतला जावा, आणि संच अपूर्ण असेल तर तसा शेरा असावा, अशी विनंती मी ग्रंथालय संचालनालयालाही स्वतंत्रपणे पाठवली आहे. प्रकाशकांनी पहिल्याच भागावर एकूण भाग किती आणि त्यांपैकी किती भागांचे हक्क घेतले आहेत, हे छापावे. वाचक सगळे समजून घेतो, त्याला फक्त आधी सांगावे लागते.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, एखादी साहित्यकृती पहिल्यांदा प्रसिद्ध होऊन सात वर्षे झाली असतील आणि त्या काळात तिचे एखाद्या भाषेत भाषांतर निघाले नसेल, तर त्या भाषेतल्या भाषांतराचा परवाना मिळण्यासाठी अर्ज करता येतो. मूळ हक्कधारकाला ठरवून दिलेला मोबदला द्यावा लागतो आणि आधी त्याच्याकडे रीतसर परवानगी मागितल्याचे दाखवावे लागते. या मालिकेच्या अखेरच्या भागाला इंग्रजीत निघून सात वर्षे होऊन गेली आहेत. हे काम एका खेड्यातल्या वाचनालयाच्या आवाक्यातले नाही. पण एखाद्या साहित्यसंस्थेच्या किंवा प्रकाशक संघटनेच्या आवाक्यातले नक्की आहे, आणि एकदा कुणी ती वाट चालून दाखवली तर ती पुढच्या मालिकांनाही उपयोगी पडेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणे येतात, त्यांत मुलांच्या मालिकांना जागा मिळत नाही, आणि मिळाली तर पहिल्या भागाला मिळते. कोणत्या मालिका मराठीत पूर्ण झाल्या आणि कोणत्या कुठल्या भागावर थांबल्या, याची यादी वाचकांकडून आणि ग्रंथपालांकडून मागवून आपण वर्षातून एकदा छापावी. आमच्या वाचनालयाची यादी मी या पत्रासोबत जोडली आहे. तिच्यात या मालिकेखेरीज आणखी तीन मालिका आहेत.

पाचव्या भागाचे माझे भाषांतर सहा वह्यांत आहे. त्या वह्या मी देवघेवीच्या कपाटात ठेवलेल्या नाहीत, कारण भाषांतराचा हक्क माझा नाही आणि मुलांना गोष्ट सांगणे वेगळे, पुस्तक म्हणून फिरवणे वेगळे, याची मला जाणीव आहे. मुले अजून येऊन विचारतात, मी नाही म्हणते. ज्या प्रकाशकाने हे काम रीतसर हाती घेतले असेल, त्याला भाषांतरकाराच्या सोयीसाठी कच्चा खर्डा म्हणून या सहाही वह्या मी विनामूल्य पाठवीन. दाखल नोंदवहीत त्या चार भागांच्या खालची एक ओळ मी कोरी ठेवली आहे.

आपली,
एक ग्रंथपाल,
मिरज तालुका, जि. सांगली